विकर नसलेले टोक

‘डोपामिन’ हा शब्द हल्ली घरोघरी पोहोचला आहे. मुलगा मोबाईल खाली ठेवीना की त्याचे डोपामिन वाढले, असा निर्णय घरातली माणसे देऊन मोकळी होतात. ते मोजले कोणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरीही आमचे मत असे की, जे द्रव्य कसे मोजतात हे ठाऊक नाही, त्याच्या नावाने मुलांचे निदान करू नये.

चेतापेशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे निरोप धाडतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. मेंदूतील अशा द्रव्यांत ग्लुटामेट हे प्रमुख. (अजिनोमोटो म्हणजे त्याचेच सोडियमयुक्त रूप.) ते विद्युत्‌अग्रावर स्वतः होऊन प्रवाह देत नाही, म्हणून मध्यस्थ लागतो तो विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. ही युक्ती १९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी ग्लुकोजसाठी सुचविली. आजोबांची साखर मोजण्याची पट्टी त्याच घराण्यातली. ग्लुटामेटसाठी प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म टोकावर ग्लुटामेट ऑक्सिडेज हे विकर बसवितात. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड निपजते, ते प्लॅटिनमला इलेक्ट्रॉन देते, आणि त्या प्रवाहावरून द्रव्याचे प्रमाण कळते.

पण आवळ्यातले ‘क’ जीवनसत्त्व मेंदूतही मुबलक असते आणि तेही तेथेच इलेक्ट्रॉन देते! मग प्रवाह वाढला तो कोणामुळे? अशी द्रव्ये अडविण्यासाठी टोकावर पातळ पापुद्रा चढवितात. दुसरा उपाय आम्हास अधिक मोलाचा वाटतो: शेजारीच विकर नसलेले, बाकी सर्वस्वी तसेच, एक टोक ठेवतात. दोन्ही प्रवाहांची वजाबाकी करून उरेल तेवढेच ग्लुटामेटचे धरतात.

डोपामिन कार्बनच्या अग्रावर विकरावाचूनही मोजता येते. घोटाळा तेथेही हाच. आणि ही मोजमापे बहुतांशी उंदरांच्या मेंदूत अग्र रोवून केलेली आहेत. घरबसल्या मेंदूतील डोपामिन सांगणारी पट्टी नाही. मुलाचे चित्त अभ्यासात लागत नसेल, तर त्याची झोप पुरी होते का, फळ्यावरचे त्याला दिसते का, घरात कोणाचा धाक आहे का, हे पालकांनी आधी पाहावे. ते वजा केल्यावाचून मेंदूतील द्रव्याला दोषी ठरविणे आम्हास मान्य नाही. मूल तो शब्द ऐकते आणि आपल्या मेंदूतच खोट आहे असे धरून बसते. मग वर्गात त्याला पुन्हा प्रश्न विचारायला लावणे फार जड जाते.