हौशी छायाचित्रकाराचा हक्क

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे डॉक्टरी पेशातील गृहस्थ तिचे सभासद होते. पोटाचा उद्योग सांभाळून छायाचित्रणाची आराधना करणाऱ्यांची ही परंपरा आजही जिवंत आहे; शिक्षक, कारकून, विद्यार्थी स्पर्धांना व प्रदर्शनांना आपली छायाचित्रे हौसेने पाठवितात. परंतु प्रवेशपत्रिकेतील बारीक अक्षरांकडे कितीजणांचे लक्ष जाते? आलेल्या सर्व छायाचित्रांवर संयोजकांचा कायमचा हक्क राहील, अशा आशयाचे कलम तेथे अनेकदा दडलेले असते. बक्षीस दोघातिघांना, हक्क मात्र सर्वांचाच जातो!

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये स्वतःच्या हौसेने टिपलेल्या छायाचित्राचा पहिला धनी छायाचित्रकारच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो एका प्रशस्तिपत्रापायी गमवावा काय? स्पर्धकांनी सही करण्यापूर्वी अटी अवश्य वाचाव्यात. संयोजकांनीही प्रदर्शनापुरती आणि नामोल्लेखासह प्रसिद्धीपुरतीच परवानगी मागावी. त्याने त्यांचे कार्य अडणार नाही. उदयोन्मुख कलावंतांना उत्तेजन देऊ म्हणणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.