कार्डावरचा मंगळ

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ केला. बाधित आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे, त्यांच्या हाती निदानाचे कार्ड द्यावयाचे आणि २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करावयाचे, असा हा संकल्प आहे. तो स्तुत्य आहे यात शंका नाही. तथापि किती लोकांचे रक्त तपासले एवढ्यावरच त्याचे यश मोजले जाणार असेल, तर वेळीच इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका सूक्ष्म बदलात आहे. त्या बदलामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिन्यांत अडकते आणि रोग्यास असह्य वेदना होतात. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तर मूल रोगी होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते. वाहक हा सामान्यतः निरोगी माणूस असतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव शेकडा पंचवीस असतो.

गावोगावी प्रथम केली जाते ती विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट असली, तरी रोगी कोण आणि वाहक कोण हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी आवश्यक असते. सिकलसेलबरोबर थॅलसेमियाचे जनुक असल्याचा संशय असेल, रोग्यास नुकतेच दुसऱ्याचे रक्त दिलेले असेल, किंवा गर्भाचे निदान करावयाचे असेल, तेव्हा जनुकीय तपासणीचाच आधार घ्यावा लागतो. रोगी गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर आणि अशा तपासणीच्या सोयी बहुतांशी मोठ्या शहरांत, ही विसंगती दूर झाल्यावाचून मोहिमेचे पाऊल पुढे पडणार नाही.

परंतु अचूक निदान म्हणजे कार्याची समाप्ती नव्हे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे १९७० च्या सुमारास अशीच तपासणी झाली. काही वर्षांनी पाहणी करता असे आढळले की, वाहकांवर कलंक बसला होता, अनेकांनी विवाहप्रसंगी ही गोष्ट लपविली होती आणि वाहकांचे परस्परविवाह टळले नव्हते. याउलट सायप्रसमध्ये थॅलसेमियाबाबत लोकशिक्षण, विवाहपूर्व तपासणी आणि गर्भनिदान यांची सांगड घातली गेली. तेथे वाहक जोडप्यांनीही बहुधा ठरलेले विवाह मोडले नाहीत. तरीही रोगी मुलांचा जन्म जवळजवळ थांबला. तपासणी दोन्हीकडे होती. फरक पडला तो तपासणीनंतर माणसाला मिळालेल्या आधाराचा.

आपल्या समाजाला या अनुभवाची विशेष गरज आहे. पत्रिकेतील मंगळापायी किती मुलींची लग्ने अडली, हे येथे कोणास सांगावयास हवे? उद्या कार्डावरचा 'वाहक' हा शब्द त्या मंगळाच्या जागी येऊन बसला, तर दोष विज्ञानाचा नसेल. पण शिक्षा मात्र निरपराध मुलीला होईल. हा प्रश्न केवळ आदिवासींचा आहे, या भ्रमातही शहरी सुशिक्षितांनी राहू नये. थॅलसेमियाचे वाहक सिंधी, लोहाणा आदी शहरवासी समाजांतही लक्षणीय प्रमाणात आहेत.

म्हणून आमचे सरकारला सांगणे आहे की, दुसऱ्या तपासणीने खात्री झाल्याखेरीज कोणाच्याही कार्डावर शिक्का मारू नये. ज्याचे त्याचे निदान त्याच्यापाशीच गुप्त राहावे, आणि कार्डाबरोबर त्याचा अर्थ त्याच्या बोलीत समजावून सांगणारा माणूसही पोहोचावा. आज जे वेदना भोगीत आहेत, त्यांना हायड्रॉक्सियुरियासारखे औषध जवळच्या आरोग्यकेंद्रात नियमित मिळावे. रोगाचे निर्मूलन करावयाचे आहे, रोग्याची आणि वाहकाची अप्रतिष्ठा नव्हे, हा विवेक सुटला तर सात कोटी कार्डे वाटूनही हाती काही लागणार नाही.