बहमनीचा खजिना आणि आमची विहीर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पुतण्यानं दिलेली एक कादंबरी दोन रात्रीत संपवली. नाव सांगत नाही, लेखकाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. गोष्ट अशी की एका वाड्यात म्हातारे इतिहास संशोधक मरून पडतात आणि मरता मरता भिंतीवर अर्धा श्लोक लिहून जातात. (मरणारा माणूस मारेकऱ्याचं नाव लिहील का वृत्तात बसणारं कोडं घालील? असू द्या.) मग नायक निघतो. सोबत पुरातत्त्व शिकलेली एक देखणी पोरगी, मागावर एक गुप्त संघटना. सकाळी दौलताबाद, दुपारी रायगड, दिवस मावळायला पन्हाळा. ना एसटी चुकते, ना टायर पंक्चर होतो, ना कुणाला भूक लागते. मला इथून वीसेक किलोमीटरवर हिंगोलीला कलेक्टर ऑफिसात एक अर्ज द्यायचा तर अर्धा दिवस मोडतो.

आणि ती संघटना! साडेतीनशे वर्षं एक गुपित सांभाळून आहे. आमच्या कळमनुरीत चार पुढारी दार लावून बसले तर आत चहा जायच्या आधी बातमी पानटपरीवर आलेली असते. मी वीस वर्षं पत्रकारिता केली ती पदविकेच्या जिवावर नाही, त्या टपरीच्या जिवावर.

वाचताना मजा आली, खोटं कशाला बोलू. माझं भांडण कादंबरीशी नाहीच. 'प्रतिपश्चंद्र' ही शिवरायांच्या खजिन्याभोवती फिरणारी कादंबरी आली तेव्हा ज्या पोरांनी शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं ती पोरं ती एकमेकांकडून मागून वाचत होती. हे चांगलंच झालं. भांडण पुढच्या पायरीशी आहे. पुस्तक मिटल्यावर पोरगं म्हणतं, "काका, हे सगळं खरं आहे, फक्त दाबून ठेवलंय."

या धंद्याचा आजा म्हणजे 'दा विंची कोड', 2003 सालचा. त्यात गोष्ट सुरू व्हायच्या आधीच एका पानावर ठासून सांगितलंय की अमुक गुप्त पंथ खरोखरचा आहे, 1099 पासूनचा आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याची कागदपत्रं सापडलीत. कागदपत्रं होती, हे खरं. पण तो पंथ फ्रान्समधल्या प्लँतार नावाच्या एका गृहस्थानं 1956 मध्ये रीतसर नोंदवला होता आणि ते कागद त्याच्याच मंडळींनी तयार करून ग्रंथालयात नेऊन ठेवले होते. म्हणजे नऊशे वर्षांचं गुपित निघालं आमच्या एखाद्या पतसंस्थेच्या वयाचं. जगभरच्या शहाण्यासुरत्या लोकांनी ते पान खरं मानलं, मग आमच्या पोरांना काय म्हणावं?

तरी म्हणतोच. कारण इकडं 'दाबून ठेवलंय' याची किंमत वेगळी आहे. गुप्तधनाच्या नादानं मराठवाड्यात देवळांच्या ओट्या खणल्या जातात, बारवांचे चिरे उचकटले जातात, आणि भोंदूबाबा काय काय मागतो ते मी पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून लिहून घेतलंय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगीच नाही. ज्या दगडावर खरा इतिहास कोरलाय तोच दगड फोडून खाली खोटा शोधायचा, अशी ही गंमत.

आता खरं काय दाबलेलं आहे ते सांगतो. कुणी मुद्दाम दाबलेलं नाही, नुसतं आपल्याला वाचता येत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकाळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आरक्षणावर इथं वाद घालू नका, त्याची पोस्ट वेगळी. पण त्या महिन्यांत काय दिसलं? रेकॉर्ड रूममधले गठ्ठे सुटले आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. कागद मोडीत, उर्दूत, कुठं फारसीत. वाचणार कोण? लाखो लोकांचं भवितव्य ज्या कागदावर, तो वाचणारे बोटावर मोजण्याइतके. कादंबरीतला नायक टॉर्चच्या उजेडात दोन मिनिटांत मोडी वाचतो. खरी मोडी म्हणजे आधी कागदभर आडवी रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं, दोन शब्दांत फट नाही, वर लिहिणाऱ्याचा हात जसा वळला तसा. तिला सराव लागतो. नायकाला तो कुठं मिळाला हे लेखकानं सांगितलेलं नाही.

आता घरचंच सांगतो.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाला एक उर्दू कागद होता. चाळीस वर्षं आमच्या घरात त्याच्याबद्दल कुजबुज. आई म्हणायची जहागिरीचा आहे. कादंबरी वाचून पेटलेल्या पुतण्यानं परवा तो बाहेर काढला, मोबाईलवर कसलंतरी ॲप लावून दोनच गोष्टी ओळखल्या: 1339 हा आकडा आणि 'बहमन' हा शब्द. पोरगं ओरडलं, "काका, बहामनी! बहामनी सुलतानाचा खजिना!" खरं सांगू? माझ्याही पोटात हललं. 1347 साली सुरू झालेली बहामनी सलतनत 1339 मध्ये खजिना कसा पुरेल, हा प्रश्न मला रात्री झोपताना पडला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि हसले. "भाऊ, बहमन म्हणजे महिना. फसली साल आहे हे. पाचशे नव्वद मिळवा." मिळवले. 1929. म्हणजे त्या साली डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास झालेला करार. पुतण्याचा चेहरा पडला.

मास्तर पुढं वाचत गेले आणि माझा पडला. आमच्या पणजोबांनी आणि त्यांच्या भावानं बांधावरच्या विहिरीत निम्मी-निम्मी वाटणी मान्य केल्याचा कागद होता तो. खाली दोघांचे अंगठे. मोट पाळीनं चालवायची, इतकंही लिहिलं होतं. त्याच विहिरीसाठी माझे वडील चुलत्याशी चौदा वर्षं कोर्टात भांडले. विहीर आमची एकट्याची, हे शपथेवर सांगितलं आणि जिंकले. कागद सगळा वेळ आमच्याच पेटीत, आमच्याच पलंगाखाली. वडिलांना तो वाचता येत नव्हता, आणि मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडं.

वडील खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पुतण्या कादंबरीवर ठेवतो तसाच.

संध्याकाळी कागद घेऊन चुलत भावाकडं गेलो. तो माझ्याहून मोठा, लग्नकार्य सोडून बोलणं नाही. मास्तरांनी मराठीत लिहून दिलेलं त्यानं दोनदा वाचलं. म्हणला, "हे आबा असताना वाचलं असतं तर?" आबा म्हणजे त्याचे वडील, केस हरल्यावर त्यांनी शेताकडं जाणं सोडलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. मग वहिनीनं चहा आणला. विहिरीत आता पाणीही नाही, दोघांनीही बोअर घेतलेत. तरी सात-बाराच्या दुरुस्तीचं बघायचं ठरलंय.

म्हणून सांगतो, मास्तर येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडं येणार आहेत. मोडी वाचणारे एक काका हिंगोलीहून येतो म्हणालेत. घरात पेटी असेल, सेतवार, पावती, खत, काहीही असेल, घेऊन या. रद्दीवाल्याला घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. महाविद्यालयात मोडीचा वर्ग सुरू करा म्हणून अर्जही तिथंच लिहू, सही करायला येताल तर बरं.

आणि एखाद्याच्या पेटीतून खजिन्याचा नकाशा निघालाच, तर 1878 चा कायदा अजून आहे. दहा रुपयांच्या वरचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तेवढा अर्धा दिवस हाताशी ठेवा.