दुरुस्ती चालू, दुकान उघडे

लक्ष्मी रोडवर चालताना अशी पाटी तुम्ही कधीतरी पाहिलीच असेल. समोर बांबूची परांची, वरून सिमेंट पडतंय, गिऱ्हाइकाला वाकून आत शिरावं लागतंय, आणि दारावर पाटी: "दुरुस्तीचे काम चालू आहे. दुकान उघडे आहे." मला ही पाटी गेल्या वर्षी फार आठवली. कारण माझं स्वतःचंच दुरुस्तीचं काम चालू होतं आणि जो भेटेल तो माझं दुकान बंद करायच्या मागे लागला होता.

तर झालं असं. गेल्या वर्षी जुलैत, हापिसातून परत येताना ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. हाड शाबूत राहिलं. पण खांद्याला धरून ठेवणारे जे चार स्नायू असतात, त्यातल्या एकाची दोरी हाडापासून सुटली. रोटेटर कफ टेअर. दुर्बिणीतून ऑपरेशन, सहा आठवडे हात झोळीत.

आता नियमित वाचकांना माहीत आहे की मी गेली पाच वर्षं शनिवार-रविवारी एअर पिस्तूल चालवतो. दहा मीटर अंतर, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, एका हातानं नेम. ऑलिंपिकला वगैरे जाणार नाहीये, एवढी अक्कल आहे. पण आठवड्यातले ते तीन तास सोडले तर बाकी सगळा वेळ माझं डोकं कुणाच्या तरी मालकीचं असतं. तेवढे तीन तास ते माझं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी सर्जनना दोन प्रश्न विचारले. पहिला: लॅपटॉप कधी? उत्तर तपशीलवार आलं. दहा दिवसांनी बसा, कोपर टेकलेलं ठेवा, खुर्चीची उंची अशी, अर्ध्या तासानं उठा, मनगट हलवत राहा. उत्तम. दुसरा प्रश्न: नेमबाजी कधी? उत्तर एका शब्दात आलं.

"बंद."

किती दिवस? "आता काय करायचंय त्या बंदुका? बघू पुढे सहा-आठ महिन्यांनी." आणि पुढचा पेशंट आत.

माणूस चांगला होता, टाके झकास घातलेत. पण बघा हं, एकच खांदा, एकच पेशंट, एकाच मिनिटात विचारलेले दोन प्रश्न. एकाला सात सूचना, दुसऱ्याला एक शब्द. का? कारण पहिलं "काम" आणि दुसरा "छंद". काम कसं चालू ठेवायचं याचा विचार करायचा असतो. छंद फक्त बंद करायचा असतो.

आणि हे एकट्या सर्जनचं नाही. सहाव्या दिवशी मी डाव्या हातानं टंकत एका कॉलवर होतो. मॅनेजरनं सगळ्यांसमोर कौतुक केलं, "धिस इज डेडिकेशन!" धडाधड अंगठे वर. दहा दिवस थांबा असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण सहाव्या दिवशी कामाला बसल्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी रेंजवर नुसता बसायला जातो म्हटलं, तर घरात सभा भरली. आई म्हणाली, "त्या बंदुकीपायीच झालं हे सगळं." अगं आई, स्कूटरवरून पडलो! "तरी पण." मावशीचा फोन आला, "आता संसारात लक्ष घाल." मित्र म्हणाला, "हेल्थ फर्स्ट यार." हाच मित्र रात्री साडेअकराला मला प्रॉडक्शनचे लॉग पाठवत होता.

म्हणजे खांद्याची काळजी फक्त शनिवारी. सोमवार ते शुक्रवार खांदा ठणठणीत. वा रे वा!

माझं म्हणणं सरळ आहे. बरं होण्याच्या काळात छंदाला "बंद" हे एका शब्दाचं उत्तर देणं हा आळस आहे. वैद्यकीय सावधगिरीचे कपडे घातलेला आळस. आपण सॉफ्टवेअरवाले लोक, डेटाबेसचं एक नोड गेलं म्हणून अख्खी साइट बंद करतो का? रीड-ओन्ली करतो, अर्धे फीचर झाकतो, पण चालू ठेवतो. मग शरीराच्या बाबतीत दोनच अवस्था का? एक तर सगळं चालू, नाहीतर सगळं बंद?

आता थांबा. "बरोबर आहे, जिद्द पाहिजे!" म्हणून टाळ्या वाजवणार असाल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. कारण दुसरी जमात पहिलीपेक्षा धोकादायक असते, आणि तिच्या नादी लागून मी स्वतः आपटलोय.

रेंजवरच्या एका दोस्तानं मला व्हॉट्सॅपवर कारोय ताकाचची गोष्ट पाठवली. तुम्हालाही कधी ना कधी आली असेल. हंगेरीच्या सैन्यातला पिस्तूलबाज, १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला, आणि गडी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं सुवर्णपदक घेऊन गेला. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा. खाली लिहिलेलं, "आणि तू खांद्याचं रडगाणं गातोस?"

झालं. झोळी सुटून दोन आठवडे झाले होते, म्हणजे ऑपरेशनपासून आठवा आठवडा. मी गेलो आणि उजव्या हातानं पिस्तूल उचललं. एक किलोचं तर आहे! पाच वेळा उचललं. रात्री खांदा असा ठणकला की झोप नाही. फिजिओथेरपी दोन आठवडे मागे गेली, आणि दोरी पुन्हा सुटली नाही हे नुसतं नशीब. चूक माझीच. त्या दोस्ताची नाही आणि ताकाचची तर अजिबातच नाही.

कारण ती गोष्ट जरा नीट वाचा ना. ताकाचनं जखमी हात जिद्दीनं उचलला नाही. त्यानं हात बदलला. आधी महिनाभर दवाखान्यात काढला, मग कुणाला न सांगता डाव्या हातानं सराव केला, आणि १९३९ मध्ये डाव्या हातानं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. म्हणजे जे चालत नाही ते सोडलं आणि जे चालतं त्यावर काम केलं. गोष्ट आहे इंजिनिअरिंगची, आणि आपण ती फॉरवर्ड करतो मर्दानगीची म्हणून.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अभिनव बिंद्रा २००६ मध्ये झाग्रेबला जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे दोहाच्या एशियाडला गेलाच नाही. आज असा निर्णय कुणी घेतला तर खाली कॉमेंटी येतील, देशासाठी थोडं सहन नाही करता आलं? पण दोन वर्षांनी बीजिंगला वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय तोच होता. एशियाड सोडणं हा त्या सुवर्णाच्या रस्त्यातला एक थांबा होता.

तर "बंद"वाले आणि "जिद्द"वाले, दोघांचाही रोग एकच. दोघंही तपशिलात शिरत नाहीत. "नेमबाजी" हा शब्द ऐकला की एकाला धोका दिसतो, दुसऱ्याला शौर्य. यात खांद्याला नेमकं काय करावं लागतं, हे विचारायचं दोघांच्याही मनात येत नाही.

ते मला विचारलं माझ्या फिजिओनं. दुसऱ्यांदा सुरुवात करताना ती म्हणाली, "तुमचं ते पिस्तूल किती किलोचं? कसं धरता? किती वेळा?" बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!

आकडे सांगतो. एअर पिस्तूल नियमानं जास्तीत जास्त दीड किलो, बहुतेकांचं किलोच्या आसपास. स्पर्धेत साठ शॉट, वेळ सव्वा तास. आता हात सरळ समोर धरला की खांद्यावर भार किती येतो? ढोबळ हिशोब: माझा नुसता हात साधारण साडेतीन किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून तीसेक सेंटिमीटरवर. पिस्तूल एक किलो, पण पासष्ट सेंटिमीटर लांब. गुणाकार करा. हाताचे १.०५, पिस्तुलाचे ०.६५. म्हणजे पिस्तूल हातात येताच खांद्याचा भार साठेक टक्क्यांनी वाढतो. आणि रिकामा हात समोर धरणं हेच मुळात निम्म्याहून जास्त ओझं आहे! "एक किलोचं तर आहे" म्हणणारा मी किती गाढव होतो ते या गुणाकारानं दाखवलं.

पण याच गुणाकारानं दुसरी बाजूही दाखवली. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवलं की खांद्याचा भार जवळपास गेला. ट्रिगर दाबायला लागतात पाचशे ग्रॅम, आणि ते काम बोटाचं. नेम जुळवणं डोळ्याचं. श्वास छातीचा. म्हणजे या खेळातला एक भाग खांद्याचा, बाकीचे बरेच भाग खांद्याला न दुखावता करता येतात. मग "बंद" नेमकं काय करायचं? तो एक भाग. बस्स.

मग जे केलं ते असं. (हे माझ्या खांद्यापुरतं आहे, तुमचं तुमच्या फिजिओला विचारा.) पहिले दोन आठवडे पिस्तुलाला हात नाही. कारण दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत शस्त्र हाताळायचं नसतं. यात वाद नाही, एअरगन असली तरी नाही. त्या काळात पाच वर्षांची स्कोअरची वही काढून एक्सेलमध्ये चढवली. तिसऱ्या आठवड्यापासून रेंजवर नुसतं बसणं आणि दुसऱ्यांचं बघणं. आठव्या आठवड्यात वर सांगितलेला गाढवपणा. तो निस्तरल्यावर, अकराव्या आठवड्यापासून, खुर्चीत बसून, टेबलावर टेकू लावून, डाव्या हातानं. क्लबात डावखुऱ्यांची एक जुनी मूठ पडली होती ती लावली. छर्रा कोच भरायचा, नळी कायम लक्ष्याकडे, पिस्तूल टेबल सोडणार नाही. नळीवर ताबा नसेल तर छर्रा भरायचाच नाही, हा नियम खांदा धडधाकट असलेल्यांनाही आहे.

त्यानंतर ड्राय सराव, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर. मॅच पिस्तुलांना त्याची सोय असते. घरची स्प्रिंगवाली एअरगन मात्र अशी रिकामी उडवू नका, पिस्टनची वाट लागते.

डाव्या हातानं टेकू लावूनही पहिल्या दिवशी शंभरातले एकसष्ट आले. हसू नका. पण त्या एकसष्टनं मला दाखवलं की मी ट्रिगर दाबत नव्हतो, झटकत होतो. उजव्या हाताची ताकद पाच वर्षं ती चूक झाकत होती. हे शिकायला खांदा फुटावा लागला!

आणि टेकू म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना एक सांगतो. पॅरा नेमबाजीत ज्यांच्या हातांना रायफलचं वजन पेलत नाही त्यांचा एसएच-२ हा गट आहे. ते रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवून पॅरालिंपिकमध्ये उतरतात. जर्मनीत ज्येष्ठांसाठी टेकू लावून नेमबाजीच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. म्हणजे टेकू ही लाज नाही. तो या खेळाच्याच पेटीतला एक पाना आहे. आपल्या रेंजवरच तो सापडत नाही.

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी एक मुद्दा, जो मला फार उशिरा कळला. खांद्यात घेतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून, कुठल्याही मार्गानं टोचलं तरी, स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, तर नेमबाजांना स्पर्धेबाहेरही चालत नाहीत. औषध गरजेचं असेल तर रीतसर सवलत मागता येते. पण त्यासाठी डॉक्टरला माहीत तर हवं की समोरचा नेमबाज आहे! आणि ज्यानं "बंद" म्हणून विषय संपवला, तो हे विचारणार कधी?

तर मागण्या. डॉक्टर लोकहो, "बंद" म्हणताना पुढे दोन वाक्यं जोडा: काय बंद, आणि केव्हापर्यंत. वेळ नसेल तर फिजिओकडे पाठवा, पण प्रश्नासकट पाठवा. क्लबवाल्यांनो, एक टेबल, एक खुर्ची, एक टेकू आणि डाव्या हाताची एक मूठ. एवढ्यानं तुमचा जखमी मेंबर टिकतो, नाहीतर तो सहा महिन्यांनी परत येत नाही, हे तुमच्या रजिस्टरमध्येच दिसेल. मॅनेजर मंडळी, सहाव्या दिवशी कॉलवर आलेल्या माणसाला टाळ्या वाजवू नका, घरी पाठवा.

आणि तुम्ही, वाचकहो. तुमचा गुडघा असेल, पाठ असेल, मनगट असेल. छंद सायकल असेल, तबला असेल, ट्रेकिंग असेल. डॉक्टरकडे जाताना "करू का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नको" हेच येणार, कारण नको म्हणण्यात कुणाचं काही जात नाही. वजन, कोन, वेळ, किती वेळा, हे कागदावर लिहून न्या आणि विचारा, "यातलं काय करू?" प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. रिक्वायरमेंट धड नसेल तर आपण तरी काय देतो?

असो. आज आठ महिने झाले. गेल्या रविवारी उजव्या हातानं, उभं राहून, टेकू न लावता वीस शॉट मारले. वीसच, कारण फिजिओनं वीस सांगितले होते. एकविसाव्यासाठी हात शिवशिवत होता, पण पिस्तूल खाली ठेवलं. पुढच्या महिन्यात तीस.

आईनं विचारलं, "झालं का एकदाचं तुझं सुरू?"

म्हटलं, आई, बंद कधी होतं?