शून्य की 'ओ'?

तीस वर्षे बँकेत काढली. आकडा ओळखणे हाच आमचा धंदा. तरीही परवा पुतण्याला मोबाइलवरून पैसे पाठवताना त्याच्या शाखेचा आयएफएससी दोनदा नाकारला गेला. अकरा अक्षरांच्या या संकेतात पाचवे स्थान नेहमी शून्याचे, हे मला पाठ. पण पुतण्याच्या संदेशात तिथे 'ओ' उमटला होता, आणि पडद्यावरच्या त्या देखण्या, गोलगरगरीत वळणात मला तो दिसलाच नाही.

हे वळण मूळचे जर्मनीतले. १९२७ साली फ्रँकफर्टच्या बाऊअर कंपनीने पाउल रेनर यांचा 'फ्युचुरा' हा टाइप बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढेच त्याचे भांडवल. टोकांना शेपट्या नाहीत, बोरूची जाड-बारीक लकब नाही. नाझींवर टीका करणाऱ्या रेनर यांना १९३३ मध्ये अटक झाली, नोकरीही गेली. त्यांचे अक्षर मात्र टिकले. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेला फलक फ्युचुरातच आहे.

नुसत्या भूमितीने अक्षर होत नाही, हे रेनर जाणून होते. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यातला 'आर' म्हणजे एक दांडी आणि एक सुटा ठिपका; तो पुढे बदलला. शून्य त्यांनी 'ओ'पेक्षा अरुंद ठेवले. तरी मोठा 'आय' आणि लहान 'एल' या दोन सरळ दांड्याच राहिल्या. फरक थोड्याशा उंचीचा.

पुस्तकात शेजारच्या शब्दावरून अर्थ लागतो. खात्याच्या संकेताला असा शेजार नसतो. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भाजीवालीपर्यंतचा व्यवहार पडद्यावर गेला. फसवणारे 'एल'च्या जागी 'आय' बसवून ओळखीच्या नावाची नक्कल करतात, ती याच साम्याच्या जोरावर.

आपली लिपीही यातून सुटलेली नाही. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'ने हे भौमितिक वळण रोमनबरोबर देवनागरीलाही दिले. दिसते छान. पण 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या एका फटीवर तोललेला असतो. बारीक आकारात ती फट बुजली, की 'धन'चे 'घन' आणि 'भरणा'चे 'मरणा' व्हायला वेळ लागत नाही.

माझे भांडण सौंदर्याशी नाही. दुकानाच्या पाटीला, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला हे अक्षर शोभतेच. पण जिथे पैसा हलतो तिथे शून्याच्या पोटात रेघ हवी, 'एल'च्या पायाला वळण हवे, आणि पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव ठळक दिसायला हवे. धनादेशावर रक्कम आजही अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहावी लागते. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये, हे शहाणपण त्यामागे आहे. कागदावरचे हे शहाणपण पडद्यावर न्यायचे राहून गेले आहे.