उन्हाचा शिलकी हिशेब

ऊन जितके जास्त तितके पीक जोमदार, अशी आपली साधी समजूत असते. पावसाळ्यात पायऱ्यांवर धरणाऱ्या बुळबुळीत शेवाळाला मात्र हा हिशेब मान्य नाही. त्या थरात सायनोबॅक्टेरिया नावाचे निळे-हिरवे जिवाणूही असतात. जुनी पुस्तके त्यांना नीलहरित शैवाल म्हणतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे.

बँकेत आयुष्य गेले म्हणून मला यांचा कारभार लवकर उमगला. शाखेत रोकड कमी पडणे ही जशी अडचण, तशी ती मर्यादेबाहेर साठणे ही जोखीम. या जिवाणूच्या पेशीत प्रकाश वटवणाऱ्या दोन खिडक्या आहेत: फोटोसिस्टीम एक आणि फोटोसिस्टीम दोन. दुसरी पाण्यातून इलेक्ट्रॉन काढते, पहिली त्यांना पुढे ढकलते. एका खिडकीवर गर्दी झाली, की गोळा केलेल्या प्रकाशाचा ओघ काही मिनिटांत दुसरीकडे वळवला जातो. शैवालांमधली ही वाटणी १९६९ साली प्रथम नोंदली गेली.

ऊन फारच कडक झाले, की वाटणीने भागत नाही. तेव्हा एक नारिंगी प्रथिन पुढे येते. प्रखर निळसर प्रकाशात ते लाल होते, प्रकाश गोळा करणाऱ्या सांगाड्याला चिकटते आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देते. प्रकाश मंदावला की दुसरे एक प्रथिन त्याला तिथून सोडवते. ही झडप नसती, तर जादा ऊर्जेतून प्राणवायूची विध्वंसक रूपे तयार होऊन पेशीची यंत्रणाच मोडली असती.

हे सारे रविवारी सकाळी कशाला, असे वाचक विचारतील. झाडांच्या पानांतील हरितलवके याच जिवाणूंची वंशज आहेत. झाडांची झडप वेगळ्या रसायनांची, पण काम तेच. फरक इतकाच, की ती सावकाश मिटते. ढगाची सावली आली तरी पान काही मिनिटे ऊर्जा टाकतच राहते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुके बदलून तिची उघडझाप जलद केली. २०१६ साली तंबाखूची वाढ सुमारे १५ टक्क्यांनी अधिक झाल्याचे त्यांनी दाखवले. २०२२ साली सोयाबीनच्या एका हंगामातील शेतचाचणीत उत्पन्न २० टक्क्यांहून जास्त वाढल्याचे प्रसिद्ध झाले. पुढल्या हंगामात मात्र तो लाभ तसा दिसला नाही.

प्रयत्न स्तुत्य आहे. पृथ्वीवरची तोंडे वाढत आहेत आणि जमीन वाढत नाही. माझी हरकत एका शब्दाला आहे. टाकून दिलेल्या ऊर्जेला सरसकट 'नासाडी' म्हणतात. कोट्यवधी वर्षे टिकलेली ही झडप म्हणजे नासाडी नव्हे, विम्याचा हप्ता आहे; चांगल्या वर्षी तो फुकट गेल्यासारखा वाटतो. हप्ता कमी करता येईलही, पण किती, हे एका हंगामाचा ताळेबंद सांगू शकत नाही.

जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात आज परवानगी नाही. पण मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांपर्यंत हा प्रश्न एक दिवस पोहोचेलच. त्या दिवशी चांगल्या वर्षाची टक्केवारी दाखवणाऱ्याने, पावसाने ओढ दिलेल्या वर्षाचे आकडेही त्याच कागदावर मांडावेत.