तारणाच्या तराजूत वनवासींचे घर

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर बँकेचा मूल्यमापक जातो, तेव्हा त्याच्या हाती एक ठरावीक तक्ता असतो. जमिनीचा शासकीय दर किती, बांधकामाचे क्षेत्रफळ किती, घसारा किती वजा करायचा आणि उद्या हे घर विकले तर काय हाती येईल? समोर सागाचे खांब, शेणामातीने लिंपलेल्या कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर कौले असतात. त्या घरात दोन पिढ्या नांदलेल्या असतात. पण शेवटच्या प्रश्नापाशी लेखणी अडते. हे घर विकत घेणार कोण? ग्राहकच नाही, तर तारणमूल्य कसले!

मूल्यमापकाला दोष देऊन भागणार नाही. विकता येईल तेच तारण, हे त्याच्या शास्त्राचे गृहीतच आहे. आणि येथील भूमी सहजासहजी विकता येऊ नये, असा कायद्याचा हेतू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने वा गहाणाने जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीसाठी शासनाची संमतीही आवश्यक असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला हक्क वारसाने मिळतो, परंतु हस्तांतरित करता येत नाही. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या. पण येथील कितीतरी पाडे गावठाणाच्या सीमेबाहेर विखुरलेले आहेत.

मग हे निर्बंधच सैल करावेत, असा सल्ला देणारे शहाणे भेटतात. त्यांनी जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास आठवावा. लग्नापुरते कर्ज घेतलेले जोडपे सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबत असे. 'लग्नगडी' हे त्या वेठबिगारीचे नावच पडले होते. जमिनी कशा गेल्या, हे उमगल्यावरच १९७४ मध्ये त्या परत मिळवून देणारा कायदा राज्याला करावा लागला. ही तटबंदी पाडून कर्ज सुलभ करणे म्हणजे घर बांधण्यासाठी अंगण विकणे होय.

परंतु तटबंदीच्या आतल्या माणसाने पैसा आणायचा कोठून? २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. दुर्गम पाड्यापर्यंत सिमेंट, लोखंड आणि रेती चढवता चढवता ही रक्कम तोकडी पडते. योजनेत ७० हजारांपर्यंत संस्थात्मक कर्जाची सोय आहे. पण पगारपत्रक नाही आणि तारणही नाही, अशा कुटुंबाला बँकेच्या दारात उभे राहण्याचाच संकोच वाटतो. मग भाताची कापणी आटोपली की वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी सारे कुटुंब भिवंडी-वसईकडे निघते. मुलांची शाळा सुटते. इतरांच्या इमारतींसाठी विटा थापणाऱ्या हातांचे स्वतःचे घर चौकटीपर्यंत येऊन थांबते. केवढा हा दैवदुर्विलास!

यावर उपाय नाही असे नाही. विक्रीमूल्याऐवजी परतफेडीची सवय पाहणारी कर्जपद्धती आपल्याकडे रुजलेली आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज २० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. महिन्याला शंभर रुपये न चुकता भरणाऱ्या भगिनीची वही हेच तिचे तारण. घरपूर्तीचे छोटे कर्ज याच वाटेने द्यावे. मूल्यमापकाने घराची पाहणी अवश्य करावी. पण पाया पक्का आहे का, छप्पर पावसाळा सोसेल का आणि काम पुरे करण्यास किती खर्च येईल, हे लिहावे. तो अहवाल लिलावासाठी नको, घर उभे राहावे म्हणून हवा.

या भागात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनाही येथे मोठे काम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद करणे, त्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे लावणे, गटाचे हिशेब नीट ठेवणे आणि बँकेत पहिल्यांदा जाणाऱ्या भगिनीसोबत जाणे. ही कामे लहान दिसतात, पण सावकाराची उचल याच कामांनी थांबते. जे घर विकायचेच नाही, त्याची बाजारात किंमत नसली म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. ते मोजणारा तराजू मात्र आता बदलला पाहिजे.